बी.एम. कोणता धरला?

आमच्या टीममध्ये आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी 'बेंचमार्क' हा शब्द उच्चारतं. नवा कोड जुन्यापेक्षा जलद चालतो का, डेटाबेसला एवढा भार झेपतो का, हे बघायला आम्ही बेंचमार्क चालवतो, आलेख काढतो आणि मीटिंगमध्ये दाखवतो. नोकरीची पाच वर्षं हा शब्द वापरूनही यातला 'बेंच' कोणता, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला मामांमुळे.

मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. दिवाळीत वर्धा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी गेलो होतो. आमची सिस्टिम या वर्षी चाळीस टक्क्यांनी जलद झाली, असं मी त्यांना जरा फुशारकीनंच सांगत होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बी.एम. कोणता धरला?"

"म्हणजे?"

"म्हणजे कशापासून मोजलं? साइटवर कोणी लेव्हलचा आकडा सांगितला, की आम्ही आधी हेच विचारायचो. बी.एम. सांग, मग आकडा सांग. बी.एम. नसेल तर तुझा आकडा काय कामाचा?"

मग ते आत गेले आणि ट्रंकेतून एक जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा घेऊन आले. एक इंचाला एक मैल या प्रमाणातला टोपोशीट. रस्त्याच्या कडेला एका बारीक ठिपक्याशेजारी 'बी.एम.' अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे फुटांतला आकडा होता. तसे तीन ठिपके त्यांनी मला दाखवले. "हे दगड शोध. सापडले तर सांग," असं म्हणून ते चहा प्यायला बसले. मी खिशातला फोन काढला, तर म्हणाले, "ते राहू दे. ज्यांनी ते दगड लावले त्यांच्याजवळ फोन नव्हता."

दोन सुट्ट्या त्या तीन ठिपक्यांमागे गेल्या. त्या काळात जे वाचलं, पाहिलं आणि चुकलं, ते इथे लिहितो आहे.

बाक कुठला?

आधी शब्दाचं बघू. इंग्लंडमध्ये उंची मोजणारे सर्व्हेअर एखाद्या भक्कम भिंतीत छिन्नीनं आडवी खाच पाडत. पुढच्या वेळी मोजताना त्या खाचेत लोखंडी कोन बसवायचा आणि त्या कोनावर मापाची पट्टी उभी करायची. पट्टीला आधार देणारा तो कोन म्हणजे 'बेंच', आणि तो बसवण्यासाठी भिंतीत केलेली खूण म्हणजे 'बेंचमार्क'. पुढच्या माणसानं पट्टी नेमक्या त्याच जागी टेकवावी, एवढ्यासाठी केलेली ही सोय. मराठीत पाठ्यपुस्तकांनी त्याला 'तलचिन्ह' असा शब्द दिला आहे. साइटवर मात्र सगळे बी.एम.च म्हणतात.

भारतात ही खूण बहुतेक ठिकाणी दगडावर कोरलेली असते. इंग्रजी अक्षरांत 'जी.टी.एस.', 'बी.एम.' आणि त्यांच्या मधोमध एक लहानसा चौकोन. जी.टी.एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. या सर्व्हेची गोष्ट आपल्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत असते. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांच्या आधाररेषेचं मोजमाप सुरू केलं. तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलं. लॅम्ब्टननंतर जॉर्ज एव्हरेस्ट आला, त्यानंतर अँड्र्यू वॉ. १८५६ मध्ये 'पीक फिफ्टीन'ची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर झालं.

लॅम्ब्टनचा शेवट आमच्याच भागात झाला, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. हैदराबादहून नागपूरकडे येताना, २० जानेवारी १८२३ रोजी, तो हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे. शाळेत असताना हिंगणघाटवरून मी किती वेळा एसटीनं गेलो असेन. भारत मोजायला निघालेला माणूस या गावात थांबला, हे कुणी सांगितलं नाही.

पण लॅम्ब्टनचं काम आणि मी शोधत होतो ते दगड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला माझा इथेच घोटाळा झाला होता. त्रिकोणमापनाची ठाणी डोंगरमाथ्यावर असतात, कारण तिथून लांबचं दिसतं. टोपोशीटवर ती लहान त्रिकोणानं दाखवलेली असतात आणि त्यांचं मुख्य काम 'आपण कुठे आहोत' हे सांगणं. बेंचमार्क सांगतो 'आपण किती उंचावर आहोत', आणि तो डोंगरावर नाही, तर सपाट रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कडेनं सापडतो. त्याचं कारण तो कसा बसवला यात आहे.

काठीवरून काठीकडे

रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. गावाचं नाव आणि खाली 'समुद्रसपाटीपासून उंची' इतके मीटर. विदर्भात समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग ही उंची इथपर्यंत आली कशी?

उत्तर असं, की ती चालत आली. लेव्हल नावाच्या उपकरणात एक दुर्बीण असते आणि ती काटेकोर आडवी ठेवता येते. उंची ठाऊक असलेल्या खुणेवर मापाची उभी पट्टी धरायची आणि दुर्बिणीतून आकडा वाचायचा, समजा दीड मीटर. मग पट्टी पुढे नेऊन नव्या जागी धरायची आणि पुन्हा वाचायचं, समजा नव्वद सेंटिमीटर. आकडा कमी झाला म्हणजे जमीन वर आली, साठ सेंटिमीटरनं. आता उपकरण पुढे न्यायचं आणि पुन्हा तेच करायचं. एका वेळी काही मीटरांची मजल. असं करत करत बंदरापासून पठारापर्यंत.

म्हणूनच वाट सोपी हवी. चढ फार असला की पट्टी दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून रस्ते, लोहमार्ग, कालव्यांचे काठ. उपकरण मागच्या आणि पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्ये ठेवायचं, म्हणजे दुर्बीण किंचित तिरपी असली तरी दोन्ही बाजूंची चूक सारखी होऊन वजा होते. पृथ्वीच्या गोलाईचंही तसंच. आडवी नजर एक किलोमीटर गेली तर जमीन तिच्याखालून सुमारे ८ सेंटिमीटर निसटलेली असते, पण उपकरण मध्यावर असलं तर हे निसटणंही दोन्हीकडे सारखंच होतं. मामा याला 'बॅकसाइट, फोरसाइट' म्हणत. ज्यानं कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना उन्हात डंपी लेव्हल घेऊन उभं असलेलं पाहिलंय, त्याला हे दृश्य आठवेल. आम्ही कॉम्प्युटरवाले तेव्हा त्यांना कॅन्टीनच्या सावलीतून हसायचो.

भारतात हे काटेकोर लेव्हलिंग १८५८ मध्ये कराचीच्या समुद्रापासून सुरू झालं. दोन निरीक्षक, दोन वेगळी उपकरणं, त्याच वाटेनं एकामागून एक जात आणि एकमेकांचे आकडे ताडून बघत. दोन स्वतंत्र व्यवस्थांनी एकच उत्तर दिलं तरच ते मान्य करायचं, ही पद्धत माझ्या धंद्यात आजही आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे ते सेकंदाच्या भागात होतं आणि त्यांच्याकडे एका हंगामात. दर काही अंतरावर, पुढच्यांना सगळं मुळापासून करावं लागू नये म्हणून, एका न हलणाऱ्या दगडावर खूण कोरायची. तो बेंचमार्क.

वहीत निरीक्षकाचं नाव येई. पट्टी धरणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, उपकरणावर छत्री धरणाऱ्या खलाशांची नावं बहुतेक कुठेच येत नाहीत. पण पट्टी तसूभर कलली तर आकडा चुकतो. म्हणजे एका गोऱ्या साहेबाच्या अहवालातला प्रत्येक दशांश कुणा अनाम माणसाच्या हाताच्या स्थिरपणावर उभा आहे.

पहिला ठिपका

आता शोधाबद्दल. फोनशिवाय सुरुवात करायची तर आधी नकाशा हवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे खुले नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून मिळतात. मामांकडचा जुना शीट मात्र अधिक कामाचा होता, कारण त्यावर जुना रस्ता होता. हा पहिला धडा: बेंचमार्क आजच्या रस्त्यावर शोधायचा नाही, तो बसवला तेव्हाच्या रस्त्यावर शोधायचा. बायपास, चौपदरी वगैरे डोळ्यांआड करायचं.

दुसरा धडा पावलांचा. दोन किलोमीटर-दगडांमध्ये मी चार वेळा चाललो, पावलं मोजली आणि सरासरी काढली. माझ्या पावलांनी एक किलोमीटर म्हणजे साधारण १३४० पावलं. मग नकाशावरचं अंतर पट्टीनं मोजायचं, त्याची पावलं करायची आणि चालायला लागायचं. १८६० च्या दशकात तिबेटात गुपचूप गेलेला नैनसिंग याच सर्व्हेच्या वतीनं असाच चालला होता. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना तो एक मणी सरकवायचा. माझ्याकडे माळ नव्हती. मी शर्टाच्या खिशातले शेंगदाणे पँटच्या खिशात टाकत होतो, आणि मध्येच दोन खाल्ल्यामुळे पहिला हिशेब चुकला.

पहिला ठिपका एका मोरीवर होता. पावलं जिथे संपली तिथे मोरी होतीही, पण सिमेंटच्या पाइपांची, नवीकोरी. रस्ता रुंद झाला तेव्हा जुनी दगडी मोरी गेली होती. तिचे काही घडीव दगड ओढ्यात पडलेले होते. मी खाली उतरून एकेक दगड चाचपून पाहिला. काही सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी उपयोग नव्हता. जागेवरून हललेला बेंचमार्क म्हणजे नुसता दगड. आमच्या भाषेत याला एक नाव आहे: पत्ता शाबूत, पण त्या पत्त्यावर आता काहीच नाही. प्रोग्राम त्या पत्त्यावर गेला की कोसळतो. नकाशा कोसळत नाही, तो तसाच आकडा दाखवत राहतो. हे जास्त धोक्याचं.

ओढ्यात मी वाकून दगड बघतो आहे हे पाहून वर एक मोटारसायकल थांबली. मग दुसरी. "मोजणीवाले का?" एकानं विचारलं. मी नाही म्हणालो, तर दुसऱ्यानं सरळ विचारलं, "आणखी किती रुंद होणार आहे रस्ता?"

मी नोकरीचं ओळखपत्र दाखवलं, मामांचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांचा थोडा विश्वास बसला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्यांच्यासाठी मोजणी म्हणजे जमीन जाणं. कुणीतरी येऊन दगडाकडे बघतं, वहीत काहीतरी लिहितं, आणि दोन वर्षांनी नोटीस येते. जी.टी.एस.च्या काळात टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या साहेबाबद्दल गावोगावी अफवा असत, तो घरातल्या बायकांकडे बघतो वगैरे. वाचताना त्या गमतीशीर वाटतात. पण मोजणारा माणूस कुणासाठी मोजतोय हे ज्याला सांगितलेलं नाही, त्यानं संशय घेणं यात हसण्यासारखं काही नाही. सारा, सैन्य, लोहमार्ग, कालवे, या सगळ्याला नकाशा लागत होता आणि नकाशाला दगड.

नागपूरचा खांब

दुसऱ्या ठिपक्याकडे जाण्याआधी मी नागपूरला गेलो. खरा, ताठ उभा असलेला बेंचमार्क एकदा बघून घ्यावा म्हणून. नागपूरकरांना तो सांगायला नको: झीरो माइल. वालुकाश्माचा खांब, चार घोडे, आणि शेजारी जी.टी.एस.चा स्टँडर्ड बेंचमार्क. १९०७ चं हे काम. लहानपणापासून आम्हाला हा 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून सांगितला गेला. खांबावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरं आहेत, त्यामुळे तो मैलाचा दगड वाटतो. मैलाचे दगड असे एका ठिकाणापासून मोजतातच. मुंबईत ते सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते. पण या जागेचं खरं महत्त्व अंतरात नाही, उंचीत आहे: सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट.

दशांश चिन्हानंतर तीन आकडे. हजारांश फूट म्हणजे ०.३ मिलिमीटर, साध्या कागदाच्या तीनेक पानांची जाडी. मला आधी हसू आलं. आमच्याकडे नवशिके असे करतात, यंत्रानं सहा दशांश दिले की सहाही रिपोर्टात छापतात. लेव्हलिंगमधली चूक साधारणपणे अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जाते. समुद्रापासून इतक्या आत येईपर्यंत ती कागदाच्या जाडीएवढी राहणं शक्यच नाही.

मग मामांना फोन केला. ते म्हणाले, "समुद्राला विसर. शेजारच्या दगडाला विचार." त्यांचं म्हणणं असं: तो तिसरा दशांश समुद्रापासूनच्या उंचीबद्दल नाहीच. हा खांब आणि याच्या पुढचा दगड यांच्यातल्या फरकाबद्दल तो बोलतो, आणि तिथे तो बराचसा खरा असतो. धरण, कालवा, गटार बांधणाऱ्याला तेवढंच लागतं. पाणी इकडून तिकडे वाहील की नाही.

समुद्राचा शून्यही तितका साधा नाही, हे नंतर वाचलं. लाटा, भरती-ओहोटी, वारा, या सगळ्यातून सरासरी काढण्यासाठी बंदरात वर्षानुवर्षं पाण्याची पातळी नोंदवावी लागते. मुंबईत अपोलो बंदरावरच्या अशा नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, जगातल्या जुन्या नोंदींपैकी त्या एक. १९०९ मध्ये देशभरच्या लेव्हलिंगचा एकत्रित मेळ घातला गेला तेव्हा नऊ बंदरांची सरासरी समुद्रसपाटी शून्य धरली: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टिनम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट. निसर्गात हे नऊ शून्य एका पातळीत नाहीत. पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह यांमुळे समुद्र स्वतःच थोडा वरखाली असतो. तरी नऊही ठिकाणी शून्यच धरायचं असं ठरलं, आणि उरलेला फरक मधल्या शेकडो दगडांमध्ये वाटून टाकला. त्यातलं एक बंदर आज दुसऱ्या देशात आहे.

मुंबईकर अभियंत्यांनी तर गावापुरता वेगळाच पाया धरला, 'टाउन हॉल डेटम'. त्याचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली कल्पिलेला आहे, म्हणजे खोल गटाराच्या तळालाही ऋण आकडा येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर पाणी कुठून कुठे जायला हवं होतं याची चर्चा झाली, तेव्हा शेवटी याच आकड्यांशी यावं लागलं.

आणि फोन? उपग्रह आपल्याला जी उंची देतात ती समुद्रापासूनची नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार कल्पून त्यापासूनची असते. हिंदी महासागराच्या या भागात गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राची पातळी त्या कल्पित आकाराच्या बरीच खाली आहे. दुरुस्ती न केलेला आकडा घेऊन मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर आपण उणे साठ मीटरच्या आसपास, म्हणजे गणितानुसार बुडालेले असतो. फोन बाजूला ठेव असं मामा म्हणाले, त्यात निव्वळ जुन्याचा हट्ट नव्हता.

चुन्याखाली

दुसरा ठिपका शेतात निघाला. तिथे विहीर होती, बुजवलेली. शेतकऱ्यानं चहा पाजला आणि विहिरीचं कठडं कोणत्या साली काढलं ते सांगितलं. तो बेंचमार्कही गेला.

तिसरा ठिपका जुन्या विश्रामगृहावर होता. मामांच्या घरापासून तीनेकशे मीटर, म्हणजे सगळ्यात जवळचा आणि मी सगळ्यात शेवटी गेलेला. सर्व्हेअरच्या जागी स्वतःला ठेवलं की कुठे बघायचं ते कळतं. त्याला हवी होती पक्की, सरकारी, लवकर न पडणारी वास्तू: कचेरी, चर्च, देऊळ, स्टेशन, पुलाचा पाया, नाहीतर उघडा कातळ. त्यातही पट्टी सरळ उभी राहील अशी मोकळी, आडवी जागा. म्हणजे जोतं, पायरी, ओटा. जुन्या याद्यांमधली वर्णनंही तशीच असतात: अमुक इमारतीच्या जोत्याच्या अमुक कोपऱ्यात. दिशा आणि वस्तू, बस्स. ती इमारत ओळखणारं माणूस गावात असेल तोवर त्या वर्णनाला जीपीएसची गरज नाही.

चौकीदारानं परवानगी दिली. सकाळी साडेसातचं तिरपं ऊन होतं, खोदकाम दिसायला तेच चांगलं. जोत्याला चारी बाजूंनी चुन्याचे थरावर थर होते. डोळ्यांना काहीच दिसेना. खरवडायचं नाही हे मामांनी बजावलं होतं. म्हणून बोटं फिरवत गेलो. आग्नेयेच्या कोपऱ्यात, पायरीशेजारच्या दगडावर, बोट एका सरळ काठाला अडकलं. काटकोनात वळलं. पुन्हा वळलं. चौकोन. त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, शाळेत नाण्यांचे छाप काढायचो तशी. आधी चौकोन उमटला, मग 'बी'चं पोट, मग 'टी'ची आडवी रेघ.

चौकीदार मागे उभे होते. "हे इथे आहे होय," ते म्हणाले. "मी बावीस वर्षं याच्यावर चुना मारतो." मग जरा थांबून, "आता इथे मारू नको का?"

काय सांगावं कळेना. चुन्यानंच तो दगड जपला असेल. नजरेआड होता म्हणून तो कुणी उखडला नाही, हेही खरं. मी म्हटलं, मारा, पण हा दगड हलवू देऊ नका. इमारत पाडायची वेळ आली तर मामांना सांगा. देशात असे किती दगड असतील, जे फक्त कुणाला ठाऊक नाहीत म्हणून टिकले आहेत, आणि किती जे त्याच कारणानं गेले आहेत. हिशेब दोन्ही बाजूंनी लागतो.

दगड गेला तर काय जातं? १९०५ मध्ये कांगड्याला मोठा भूकंप झाला. सहारनपूर, डेहराडून, मसुरी या वाटेवर लेव्हलिंग आधीच झालेलं होतं. भूकंपानंतर ती वाट पुन्हा मोजली तेव्हा डेहराडूनच्या बाजूच्या उंचीत काही इंचांचा फरक आढळला. जमीन हलली हे सगळ्यांना कळलं होतं. किती, हे सांगायला आधीची खूण जागेवर असावी लागली. मुंबईचा समुद्र वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात चढतो आहे असं आज आपण म्हणतो, तेही बंदरातल्या मापकाशेजारच्या अशाच खुणांच्या भरवशावर. मापक स्वतः खचला की समुद्र वर आला, हे त्या खुणेशिवाय कळायचं कसं?

पाण्याची नळी

छापाचा कागद मामांना दिला. त्यांनी तो उजेडात धरला, चौकोनावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "आता आपल्या घराची लेव्हल काढू."

डंपी लेव्हल कुठून आणणार? त्यांनी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते पंधरा मीटरची पारदर्शक नळी घेऊन आले, गवंडी वापरतात ती. नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं उभी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. यापेक्षा साधी आणि जुनी लेव्हल नाही. एक टोक खुणेपाशी, दुसरं पुढच्या बांबूवर. मिस्त्री एका टोकाला, मी दुसऱ्या, मामा खुर्ची सरकवत सरकवत वही घेऊन. विश्रामगृहापासून घरापर्यंत एकवीस मजला झाल्या. गल्लीतली पोरं मागून यायला लागली. दोन ठिकाणी "मोजणी आहे का?" असं विचारलं गेलं, तेव्हा मामांनीच उत्तर दिलं, "माझ्या घराची आहे, तुमच्या नाही."

दुपारी आकडा आला: घराचं जोतं त्या चौकोनापेक्षा ४ फूट २ इंच खाली. मी थांबलो. मामा म्हणाले, "आता परत."

त्याच वाटेनं उलटं मोजत पुन्हा विश्रामगृहापर्यंत. चौकोनापाशी पोचलो तेव्हा बेरीज शून्य यायला हवी होती. आली पाऊण इंच. कुठेतरी नळीत बुडबुडा राहिला असेल, कुठे बांबू कलला असेल, कुठे माझंच लक्ष पोरांकडे गेलं असेल. मी पुन्हा एकदा करू म्हटलं, पण ऊन कलत होतं आणि मिस्त्रींना दुसरं काम होतं.

"लिहून ठेव," मामा म्हणाले. "तारीख, वाट, कोणी धरलं, आणि पाऊण इंच."

मी वहीत लिहिलं. नळी धरणारे म्हणून मिस्त्रींचं नाव आधी, मग माझं. मिस्त्रींनी निघताना छिन्नी काढली आणि विचारलं, जोत्यावर खूण करून देऊ का? मामी आतून म्हणाल्या, रंग नुकताच दिलाय. मग पायरीच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, त्यांनी एक बोटभर आडवी खाच पाडली.